मेलेलं बी उगवलं, त्याची चौकशी

१. बशी

चौकशीत पंकज नापास झाला. गुन्हेगार त्याला सापडला नाही, आणि सापडला नाही असं त्याने सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं. हे कोणी वाचलं असेल तर विसरून जावं. असं काही घडलेलं नाही. गोष्ट आता सुरू होते.

तेलुगू मुलखाच्या सीमेवरच्या मावल्याच्या जीन बँकेत पैसे मिळत नाहीत, असं दारावर तीन भाषांत लिहिलेलं आहे. तरी महिन्यातून एखादा माणूस पासबुक घेऊन येतोच, आणि वॉचमन उद्धवराव त्याला पाणी पाजून खऱ्या बँकेचा रस्ता दाखवतात. इथे बी ठेवतात. गावोगावची जुनी वाणं फॉइलच्या थैल्यांत बंद करायची आणि हाडं गोठवणाऱ्या खोलीत झोपवून ठेवायची. शेतातून वाण गेलं तरी जगातून जाऊ नये, एवढंच या बँकेचं काम. ज्वारी, तूर, तीळ, अंबाडी, आणि कोपऱ्यातल्या कपाटात भांग.

ही भांग नशेची नव्हे, दोराची. एके काळी या पट्ट्यातले लोक तिचा वाख काढून बैलांचे कासरे वळत. पुढे नायलॉन आलं, मग ट्रॅक्टर आला, मग कायदा आला. 'तलमडुगु देशी' नावाचं तिचं वाण शेतात कुठेच उरलं नाही. उरलं ते या कपाटातल्या एका थैलीत. कारकून पंकज दर महिन्याच्या तक्त्यात त्या नावापुढे 'हयात' असं टाइप करी, पेन्शनरापुढे करतात तसं.

कायदा असा, की भांगेचं बी ठेवता येतं, रोप ठेवता येत नाही. बी सज्जन, उगवलं की आरोपी. आणि बी जिवंत आहे का, हे तर उगवल्याशिवाय कळत नाही. म्हणून काही वर्षांनी एकदा नशाविरोधी पथकाचे साहेब समोर खुर्ची टाकून बसतात, बशीतल्या ओल्या कागदावर शंभर बिया मांडतात, बशी सीलबंद करून आठवड्याने उघडतात, कोंब मोजतात आणि कोंबांना तिथल्या तिथे जाळतात. बारसं आणि अंत्यविधी एकाच पंचनाम्यात.

मागच्या खेपेला शंभरात जेमतेम दहा उगवल्या होत्या. या खेपेला त्याहून कमी आल्या तर कपाट बंद करायचं आणि बी जाळायचं, असं वरून ठरून आलं होतं. त्यामुळे त्या सकाळी सगळे मयतीला यावं तसे जमले. पथकाचे पोशेट्टी साहेब आले. बँकेचे प्रमुख डॉक्टर एस. राव आले, नेहमीप्रमाणे कडक इस्त्रीत. प्रयोगशाळेची सपना बशी घेऊन आली. तिने झाकण काढलं.

शंभरात त्र्याण्णव उगवल्या होत्या.

टाळी कोणी वाजवली नाही. सपनाने पुन्हा मोजलं, पुन्हा त्र्याण्णव. उद्धवरावांनी हात जोडले, कोणाला ते त्यांनाही ठाऊक नसावं. सगळे म्हणाले, "हे कसं झालं?" डॉक्टर राव फक्त हिंदीत म्हणाले, "इतने?" आणि बशी सोडून थैलीकडे बघत राहिले.

पोशेट्टी साहेबांना हे का वाईट ते कळेना. सपनाने समजावलं, की फ्रीजमधली भाकर शिळी होत नाही, पण ताजीही होत नाही. म्हातारं बी थंडीत तरुण होत नसतं. याचा अर्थ कोणीतरी हे बी बाहेर काढलं, पेरलं, पीक घेतलं, आणि नवं बी गुपचूप थैलीत आणून ठेवलं.

पोशेट्टी साहेब हळूच उठले.

"म्हणजे या जिल्ह्यात," ते हिंदीत म्हणाले, "सरकारी बियावर गांजाचं शेत पिकलं. आणि पिकवणारा याच खोलीत उभा आहे."

२. कावीळ

चौकशी अधिकारी म्हणून पंकज नेमला गेला, तो हुशार होता म्हणून नव्हे. पावसाळ्याच्या तोंडाला त्याला कावीळ झाली होती, ती उतरली तशी त्याने लग्नात मिरची भजी खाल्ली आणि ती परत चढली. नव्या वर्षाचं कॅलेंडर लागेपर्यंत तो मावल्यातच, आईबापाच्या पालकाच्या वाफ्यांशेजारी बाजेवर पिवळा होऊन पडून होता. पेरणी, काढणी, थैली भरणं, सगळं त्याच काळातलं. सबंध कचेरीत संशय घेता येणार नाही असा तो एकटाच माणूस, कारण त्याने काहीच काम केलं नव्हतं. त्याचा त्याला आयुष्यात पहिल्यांदा फायदा झाला, आणि तो फायदा असा निघाला.

पोशेट्टी साहेबांनी त्याला खुर्चीवर बसवून नियम सांगितला. गुन्हा शाबीत झाला की ते बी म्हणजे मुद्देमाल, आणि असला मुद्देमाल जाळतात. गुन्हाच झाला नाही असं ठरलं तर ते नुसतं बी, ठेवा कपाटात. पण तसं ठरणार नाही, हेही ते म्हणाले. सोमवारपर्यंत नाव आलं नाही तर ते स्वतः उद्धवरावांचं नाव लिहिणार होते. वॉचमन आहे, तलमडुगुच्या पट्ट्यात शेत आहे, गरीब आहे. तिन्ही गोष्टी चांगल्या बसत होत्या.

पंकजने मनात हिशेब मांडून पाहिला. गप्प राहिलं तर उद्धवराव जातात आणि बीही जळतं. खरं नाव दिलं तर उद्धवराव वाचतात, पण बी जळतंच. कसंही वळवलं तरी तक्त्यातल्या 'हयात'पुढे त्याला दुसरा शब्द टाइप करावा लागणार होता.

कपाटाला लाखेचं सील ठोकलं गेलं, आणि सीलवर पहारा द्यायला वॉचमनच हवा म्हणून उद्धवरावांना बसवलं. म्हणजे आपल्याविरुद्धचा पुरावा कोणी पळवू नये म्हणून ते स्वतःच राखत बसले. रोज सकाळी सीलवरची धूळही ते फडक्याने पुसत.

सील ठोकण्याआधी पंचनाम्यासाठी थैली काट्यावर ठेवली होती, तेव्हा आणखी एक गोष्ट निघाली. थैलीवर छापलं होतं चारशे ग्रॅम.

काट्याने दाखवलं पाचशे.

३. चोराने जास्त ठेवलं

चोर कमी ठेवतो. जिथे जास्त निघतं तिथे एकतर काटा बिघडलेला असतो, नाहीतर चोर. काटा सपनाने तपासला, बरोबर होता.

पंकजने तिथेच थैली उजेडात धरून पाहिली. तिच्या तोंडाशी दोन सीलं होती. वरचं अर्धवट कापलेलं, बारीक चौकड्यांचं, कचेरीतल्या हातमशीनचं. त्याच्याखाली दुसरं, आडवंतिडवं, मधेच टोकदार, इस्त्रीचं टोक दाबल्यासारखं. आणि त्या दुसऱ्या सीलमध्ये राखेचे करडे कण चिकटले होते. विजेची इस्त्री राख सोडत नाही. ही कोळशाची इस्त्री.

म्हणजे कोणीतरी थैली नीट मशीनने बंद केली. मग कोणीतरी ती कापली, आत काहीतरी केलं, आणि घरच्या इस्त्रीने पुन्हा बंद केली. एकाच माणसाने आधी इतकं नीट आणि मग इतकं वेडंवाकडं का करावं? हात दोघांचे होते.

त्याने चौकशी सपनापासून सुरू केली. सपना बेल्लमपल्लीची, खाणीत काम करणाऱ्याची पोरगी, आणि तिची जीभ तिच्या काट्याइतकीच बारीक मापाची. कोळशाची इस्त्री म्हटल्याबरोबर पंकजच्या डोळ्यांपुढे सबंध कोळसा खाण उभी राहिली होती. त्याने आडून आडून विचारलं.

"सरळ विचार ना बे," ती म्हणाली. "बेल्लमपल्लीची पोरगी म्हनून कोळसा मीच आनला असन, असंच ना? खाणीतल्या दगडी कोळशाची इस्त्री फिरवून पाह्य एकदा तुह्या शर्टावर. धुरानं शर्ट काळा, अन् वासानं तू."

हे खरं होतं. इस्त्रीला लाकडाचा कोळसा लागतो. मग, घेतलं त्याहून जास्त परत करणारा कोण हे कळावं म्हणून, पंकजने ठरवून ठेवलेला प्रश्न टाकला: शेजारणीकडून वाटीभर बी आणलं तर परत किती देशील? सपना म्हणाली, वाटीभर. काट्यावर मोजून. आणि वर म्हणाली की क्वार्टरमध्ये राहणारे शेजारी एकमेकांकडून बी आणत नसतात, मुलांची वह्यापुस्तकं आणतात.

उद्धवरावांना तोच प्रश्न त्याने पहाऱ्यावर जाऊन विचारला. ते सीलकडे पाठ न करता बोलले. आपल्याकडे आता कोणी कोणाचं बी आणत नाही, म्हणाले. कापसाचं बी दुकानातून पाकिटात येतं, एकदाच उगवतं, परत पेरायची सोयच नाही. मग परत द्यायचं काय, रिकामं पाकीट?

"पयले द्यायचे बाप्पा," ते म्हणाले. "माही आजी देत होती. चार पायल्या आनल्या तं पाच वापस. सवाई म्हनायचे तिले. न दिली तं ज्याचं बी त्याच्याच शेतात बरकत राहाते म्हने."

चारचे पाच. पंकजने ते वहीत लिहिलं. त्याची आईही मेथीचं बी उसनं आणलं की शेजारच्या मळ्यात सवाईनेच परत पाठवी. त्याला ते इतकं नेहमीचं होतं की आठवलंच नव्हतं.

चारशेचे पाचशे. चोराने सवाई दिली होती.

पण म्हणजे फास उद्धवरावांच्याच गळ्यात आला. पंकजने घाबरत विचारलं, घरी कोळशाची इस्त्री आहे का? उद्धवरावांनी आपल्या अंगातल्या शर्टाकडे बघितलं. तो शर्ट कोणत्याही इस्त्रीला कधी भेटला नव्हता.

"अन् मशीन?" पंकजने विचारलं. "थैली बंद करायची मशीन?"

ती मशीन कोणाच्या कुलपात असते हे उद्धवरावांनी सांगितलं, आणि पंकजने वहीत दोन नावं लिहिली.

४. चहा

मशीनच्या कपाटाला दोनच किल्ल्या. एक सपनाकडे, एक डॉक्टर रावांकडे. मशीन लावणारा पहिला हात या दोघांतला एक. सवाई देणारा दुसरा हात कोणत्यातरी शेतकरी घरातला. उद्धवरावांकडे किल्ली नाही. सपनाच्या घरी तीन पिढ्या शेत नाही. उरले डॉक्टर राव, आणि ते तर या हिशेबात बसतच नव्हते. ते हैदराबादचे. तेलुगू माणसाशी तेलुगूत बोलत, बाकी सगळ्यांशी हिंदीत. मराठी त्यांना कळत नाही हे इतकं माहीत होतं, की कचेरीतले लोक त्यांच्या तोंडावरच त्यांची मराठीत निंदा करत, आणि ते शांतपणे चहा पीत असत.

पण पंकजला तो 'इतने?' आठवत होता. सगळ्यांना कोडं पडलं होतं उगवल्याचं. डॉक्टरांना पडलं होतं आकड्याचं. ज्याला काही उगवेल असं वाटतच नव्हतं तो 'कसं' विचारतो. 'एवढ्या' तोच विचारतो, ज्याने थोड्या मोजून ठेवलेल्या असतात.

त्याने त्यांना आपला प्रश्न विचारला. ते हिंदीत म्हणाले, जितकं घेतलं तितकं परत, ग्रॅमला ग्रॅम. चेहऱ्यावर रेघही हलली नाही. आणि ते खरं बोलत होते, हेही पंकजला दिसत होतं. मग सवाई देणारी त्यांच्या घरची कोणी जुनी बाई असणार, आणि हे बी पेरायचं तर तलमडुगुतच.

तेव्हा त्याने उद्धवरावांना चहा घेऊन बोलावलं, आणि डॉक्टरांच्या टेबलाशी उभा राहून, कोणाला ऐकू जाऊ नये अशा सुरात पण सगळ्यांना ऐकू येईल एवढ्या आवाजात, उद्धवरावांशी मराठीत बोलला. त्याने ते बोलायच्या आधी मनात देवाची माफी मागितली.

"ऐकलं का उद्धवराव? पोशेट्टी साहेब तलमडुगुतून एका म्हातारीले जीपमदी घालून आनून राह्यले. धुऱ्यावर कायतरी पेरलं होतं म्हने तिनं."

कप बशीवर आदळला. चहा त्या कडक इस्त्रीवर सांडला. डॉक्टर एस. राव उभे राहिले आणि चाळीस वर्षं घराबाहेर न काढलेल्या आवाजात म्हणाले, "माह्या मायले कोनं हात लावला?"

उद्धवरावांनी ट्रे खाली ठेवला. त्यांच्या मनात या साहेबांविषयी मराठीत बोललेली एकेक गोष्ट रांगेने येऊन उभी राहत असावी, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

पंकजने सांगितलं की कोणी कोणाला आणलेलं नाही. मग त्याने दार लावून घेतलं.

एस. म्हणजे सुधाकर. गावात सुधाकरराव. तलमडुगुच्या ज्वारी-कापूसवाल्या घरातले. हैदराबादच्या कॉलेजात पहिल्या दिवशी त्यांनी उभं राहून प्रश्न विचारला, आणि त्यांचं बोलणं ऐकून सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी भाषा घरी ठेवली आणि नाव आखूड केलं. पुढे ते इतके मोठे झाले की परत लांब करायला जागा उरली नाही.

बी त्यांनीच काढलं होतं. बियातली शेवटची धुगधुगी विझायच्या आत ते एकदा मातीत जायला हवं होतं. त्यासाठी परवानगीचे अर्ज त्यांनी वर्षानुवर्षं केले, आणि दर वेळी उत्तर आलं की बी उगवणार नाही याची हमी दिल्यास पेरणीची परवानगी देण्यात येईल.

"पन थैलीत मी मापूनच ठेवलं होतं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "जुन्यात नवं, थोडंसंच. पंधरा उगवले असते. वीस. कोनाले शक आला नसता. त्र्याण्णव झाले कसे, हे मलेच समजून नाही राह्यलं."

पंकजला समजत होतं. त्याने विचारलं, घरी कोळशाची इस्त्री आहे का.

५. धुरा

तलमडुगुला ते दोघं रविवारी गेले. सुधाकररावांच्या आई राहीबाई ओट्यावर अंबाडीची बोंडं सोलत बसल्या होत्या. त्यांच्यामागे कोनाड्यात पितळेची, कोंबड्याच्या आकाराच्या कडीची इस्त्री होती. लेकाने बाहेरच्या माणसासमोर मराठीत 'माय' म्हटलं तेव्हा त्यांनी मान वर केली, पंकजला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, आणि याला कोणता रोग झाला होता असं विचारलं.

पेरलं कुठे ते विचारायची गरज नव्हती. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अंबाडीची ओळ उभी होती, वाळलेली, देठांची. भांगेचं पान आणि अंबाडीचं पान लांबून सारखंच दिसतं, पाच बोटांचं. काही वर्षांपूर्वी पथकाने शेजारच्या गावात अंबाडीचा सबंध धुरा गांजा म्हणून उपटून ट्रकमध्ये भरला होता, आणि गावातल्या बायांनी त्याच ट्रकमागे पळत जाऊन आपली भाजी परत मागितली होती. तो प्रकार इतका गाजला की त्यानंतर पथकाचा माणूस अंबाडी दिसली की मान दुसरीकडे वळवी. त्या ओळीत, दोन अंबाड्यांमध्ये एक, अशी तलमडुगु देशी वाढली होती, पोशेट्टी साहेबांच्या जाण्यायेण्याच्या सडकेला लागून.

थैलीचं काय केलं, ते राहीबाईंनी लपवलं नाही. लेकाने थैली भरून, कचेरीतून आणलेल्या मशीनने चिकटवून, पाटावर ठेवली आणि तो आंघोळीला गेला. त्यांनी ती कापून पाहिली. आत जवळजवळ सगळं जुनं, मेलेलं बी. त्यांनी ते कोंबड्यांना टाकलं, नवं भरलं, आणि लेकाच्या कपड्यांसाठी तापलेली इस्त्री होतीच. चोरून कपाटात ठेवताना लेकाला ते दुसरं सील दिसलं नाही.

"सरकारच्या घरून आनलं तं काय झालं?" त्या म्हणाल्या. "उसनं ते उसनं. मेलेलं बी कोन वापस देते? अन् सवाई नाही दिली तं लोक काय म्हनतीन, सुधाकरच्या मायले रीत नाही?"

सुधाकररावांनी कपाळावर हात मारला. इतकं जपून केलेली चोरी त्यांच्या आईने प्रामाणिकपणा करून उघडी पाडली होती.

मग ते म्हणाले की उद्या कबूल करतो. उद्धवरावांचा बळी देणार नाही. पंकजने नियम सांगितला: कबुली म्हणजे गुन्हा शाबीत, शाबीत म्हणजे मुद्देमाल, मुद्देमाल म्हणजे काडी. आणि कबुली नुसती त्यांची राहणार नव्हती. शेत राहीबाईंच्या नावावर होतं.

"मले नेतीन तं नेवोत," राहीबाई म्हणाल्या. "जीप घरापर्यंत येत नाही, उचलून न्या लागन."

एकच वाट होती, आणि ती पंकजला येताना बसमध्ये सुचली होती. गुन्हा झालाच नाही असं ठरलं पाहिजे. म्हणजे बी बाहेर गेलंच नाही. म्हणजे ते थैलीतच, आपल्या आपण, तरुण झालं. वजनही वाढलं. असं होऊ शकतं, हे एखाद्या तज्ज्ञाने लिहून दिलं की पथकाला पुढे जाता येत नाही. आणि पथकाच्या यादीत या विषयाचा तज्ज्ञ एकच होता: डॉक्टर एस. राव.

सुधाकरराव उठून अंगणात एक फेरी मारून आले. मग म्हणाले की तुरुंगात जाईन, पण हे लिहिणार नाही. आयुष्यभर पोरांना शिकवलं की मेलेलं बी उठत नाही. हे लिहिलं तर इथून दिल्लीपर्यंत माणसं पोट धरून हसतील.

राहीबाईंनी बोंडं बाजूला सारली.

"जेलचं तुले भेव नाही," त्या म्हणाल्या. "हसनाऱ्यायचं हाय. तवाबी त्याचंच भेव होतं. तवा तू नाव कापलं, मी काही म्हनलं नाही. आता तू हे बी कापतं का?"

६. तज्ज्ञ

सोमवारी पोशेट्टी साहेब बेड्या घेऊन आले. उद्धवरावांनी त्यांना खुर्ची दिली आणि सील शाबूत असल्याचं सांगितलं.

पंकजने अहवाल वाचला. चौकशीअंती कोणीही इसम दोषी आढळला नाही. बी कपाटाबाहेर गेल्याचा दाखला मिळाला नाही. सबब बी जागच्या जागी तरुण झालं, असं चौकशी अधिकाऱ्याचं मत झालं आहे. सपनाने तोंडावर फडकं धरलं. पोशेट्टी साहेबांनी शांतपणे विचारलं की हे कोणत्या शास्त्रात बसतं.

"तज्ज्ञांना विचारा," पंकज म्हणाला.

डॉक्टर उठले. सांडलेल्या चहाचा डाग त्यांच्या शर्टावर तसाच होता आणि शर्टाला इस्त्री नव्हती. त्यांनी आधी आपलं संपूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, गावासकट. मग मराठीत बोलायला सुरुवात केली. पोशेट्टी साहेबांना अर्धं कळत नव्हतं, म्हणून सपना हिंदीत सांगत गेली, आणि सांगताना तिचा आवाज एकदाही हलला नाही.

"मी डॉक्टर सुधाकरराव, राहनार तलमडुगु, लिहून देतो का तलमडुगु देशी हे वान हेकड हाय. थंडीत ते म्हातारं होत नाही, उलटं होते. पयले धा उगवत होते, आता त्र्याण्णव उगवते. वजनबी वाढते. तब्येत सुधारली का वाढतेच."

दाराशी जमलेल्यांपैकी कोणीतरी फिसकन हसलं. सुधाकरराव थांबले. त्या हसणाऱ्याकडे वळून पाहिलं. पंकजला वाटलं, आता हा माणूस खाली बसणार.

"हसा," सुधाकरराव म्हणाले. "पयल्यांदा हसले तवा मी घाबरलो होतो. आता लिहून घ्या, हसले म्हनून."

पंकजने लिहून घेतलं.

पोशेट्टी साहेबांनी बेड्या टेबलावर ठेवल्या. ते मूर्ख नव्हते. त्यांनी विचारलं, हे खरं असेल तर करून दाखवता येईल का, माझ्यासमोर?

"येते ना," सुधाकरराव म्हणाले. "हेच बी सीलबंद करून ठिवा. वीस वर्सं थांबा. मंग मोजू."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत जाळता येनार नाही. प्रयोग चालू हाय."

 पोशेट्टी साहेबांनी अहवाल हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. त्यांना सगळं कळलं होतं, कोणी केलं तेही, कुठे केलं तेही. फक्त ते लिहायला कागदावर जागा नव्हती. तज्ज्ञाच्या मताविरुद्ध जायचं तर दुसरा तज्ज्ञ हवा, आणि दुसऱ्याने हो म्हणायचं की नाही हे ठरवायलासुद्धा वीस वर्षं लागणार होती. त्यांनी शेरा मारला: 'प्रयोग पूर्ण होईपर्यंत प्रकरण प्रलंबित.' जाताना ते दारात थांबले आणि मराठीत, मोडक्यातोडक्या, म्हणाले की म्हातारीला सांगा, सडकेकडची ओळ या वर्षी जरा आत घ्या.

पुढच्या महिन्यात शास्त्राच्या एका मासिकाने सुधाकररावांचं मत विनोदाच्या पानावर छापलं. त्यांनी ते कापून आपल्या खोलीच्या दाराला बाहेरून चिकटवलं, आणि खाली पेनने नाव पूर्ण केलं. पंकजने तक्त्यात 'हयात' टाइप केलं.

राहता राहिली एक अडचण. प्रयोगाला वीस वर्षं लागणार, आणि प्रयोग करणारा येत्या जूनमध्ये सेवानिवृत्त होत होता. त्याच्या जागी येणारा माणूस न उगवण्याची हमी मागणाऱ्या परवानगीवाल्यांपैकी असला तर कपाट पहिल्याच दिवशी उघडून प्रयोग मोडणार. म्हणून सुधाकररावांनी सांगितलं, पंकजने टाइप केलं, आणि हैदराबादच्या मुख्य कार्यालयाला पुढील दरखास्त रवाना झाली:

'मेहेरबान साहेबांचे सेवेशी. विषय: जन्मतारखेत दुरुस्ती मिळणेबाबत. उपरोक्त विषयी विनंती की, या कार्यालयाच्या शीतखोलीत ठेवलेली सजीव वस्तू वयाने कमी होते, ही बाब प्रलंबित चौकशीच्या अभिलेखावर असून तिचे अद्याप कोणीही खंडन केलेले नाही. सबब अर्जदारास रोज कार्यालयीन वेळेत, जेवणाची सुट्टी वगळून, सदर शीतखोलीत बसण्याची मुभा मिळावी. सोबत घोंगडी व खुर्ची अर्जदार स्वखर्चाने आणील. एका हंगामानंतर अर्जदाराची वैद्यकीय तपासणी करून जितकी वर्षे कमी भरतील तितकी सेवापुस्तकातील जन्मतारीख पुढे सरकवावी, आणि निवृत्तीचा दिनांक त्याप्रमाणे नव्याने कळवावा. अर्जदार तपासणीत तरुण न आढळल्यास प्रयोग अपूर्ण समजून आणखी एक हंगाम मंजूर करावा, ही नम्र विनंती. कळावे, आपला आज्ञाधारक, सुधाकरराव, मु. पो. तलमडुगु.'